न वापरलेला रकाना

(बिलोली इथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण. काही ठिकाणी आटोपशीर केलं आहे, बाकी बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)

या मेळाव्यासाठी ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, 'तू कंप्युटरमध्ये नेमकं काय करतेस ते आमच्या बायांना सांग.' मी हो म्हटलं खरं, पण मनातून घाबरले. इतकी वर्षं झाली, मला माझं काम घरातसुद्धा कुणाला धड सांगता आलेलं नाही. आई सगळ्यांना सांगते, 'पोरगी कंप्युटरच्या कपाटाचं काम करते.' आणि खरं सांगायचं तर ते फारसं चुकीचं नाही. कंप्युटरमध्ये ज्या फायली ठेवतात त्या कुठे ठेवायच्या, कशा शोधायच्या, वीज गेली तरी कशा सांभाळायच्या, हे पाहणारा जो भाग असतो त्याला फाइल सिस्टीम म्हणतात. मी त्या भागाचा प्रोग्राम लिहिते, आणि जास्त करून दुसऱ्यांनी लिहिलेला दुरुस्त करते.

पण आज मी सुरुवात माझ्या आत्यापासून करणार आहे.

माझी आत्या याच तालुक्यातली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं तिला टाकलं. आपल्या चळवळीत आपण परित्यक्ता म्हणतो; गावात सरळ 'टाकलेली' म्हणतात. पदरात एक मुलगी. आत्यानं आधी शेतमजुरी केली, मग अंगणवाडीत मदतनीस झाली आणि मुलीला शिकवलं. ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकींची आहे, म्हणून लांबवत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी आत्या एका कार्यालयात गेली. कुठल्या ते सांगत नाही, कारण दोष एका कार्यालयाचा नाही. अर्ज कंप्युटरवर भरायचा होता. तिथला मुलगा म्हणाला, 'पतीचं नाव सांगा.' आत्या म्हणाली, 'लिहू नको, मी एकटी आहे.' तो म्हणाला, 'मावशी, तो रकाना भरल्याबिगर कंप्युटर पुढं जात नाही.' आत्या परत आली. दुसऱ्यांदा गेली, तेच. दोन दिवसांचा खाडा झाला. तिसऱ्या वेळी तिनं नाव सांगितलं. बावीस वर्षांनी त्या माणसाचं नाव तिनं स्वतःच्या तोंडानं घेतलं, चार माणसांसमोर. अर्ज लगेच पुढे गेला.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा तिनं मला विचारलं, 'अगं माय, तू त्या कंप्युटरचंच काम करतीस ना? मग मला सांग, त्याला त्याचं नाव कशाला पाहिजे होतं?'

मला उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, 'आत्या, बहुतेक कशालाच नको होतं.' ती म्हणाली, 'मग इचारतेत कशाला?'

आत्याचा हा प्रश्न आणि माझं रोजचं काम, ही दोन्ही एकच गोष्ट आहे असं मला पुढे कळलं. ते कसं, हे सांगते.

गिरणीवाल्याचा तिसरा प्रश्न

कंप्युटरचा मोठा प्रोग्राम म्हणजे एक सलग लिखाण नसतं. तो लहान लहान तुकड्यांचा बनलेला असतो. एका तुकड्यानं एक काम करायचं. त्याला फंक्शन म्हणतात. पिठाची गिरणी असते ना, तसं समजा. तुम्ही गिरणीवाल्याला डबा देता आणि सांगता, जाड की बारीक. तो दळून देतो. तुम्ही जे देता आणि सांगता, त्याला आमच्या भाषेत पॅरामीटर म्हणतात. इथे दोन पॅरामीटर झाले: एक डबा, दुसरा जाड-बारीक.

आता समजा गिरणीवाला तिसरी गोष्ट विचारतो, 'डबा कुणाच्या घरचा?' तुम्ही सांगता. तो ऐकतो, मान हलवतो आणि दळायला घेतो. दळताना त्या उत्तराचा काही उपयोग नाही, कारण डब्यावर नाव रंगवलेलंच आहे. तरी येणाऱ्या प्रत्येकीला ते सांगावं लागतं. न सांगता डबा ठेवला तर तो डबा घेतच नाही. हा झाला न वापरलेला पॅरामीटर. विचारायचा सगळ्यांना, वापरायचा कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, असा मूर्खपणा कोण करेल? आता घडलेली गोष्ट सांगते.

लिनक्स नावाचा एक कर्नल आहे. कर्नल म्हणजे कंप्युटरचा गाभा, यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्या मधला भाग. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला. आज जगभरातली हजारो माणसं तो मिळून लिहितात. त्याचं लिखाण कुणालाही वाचता येतं, बदल सुचवता येतो. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात हाच कर्नल आहे.

त्यात एफसिंक नावाचं एक काम आहे. ते समजायला आपल्या बचत गटाची बैठक आठवा. कुणी पैसे दिले की सचिव घाईत हातावर किंवा कागदाच्या चिठोऱ्यावर टिपून ठेवते आणि म्हणते, वहीत नंतर उतरवते. कंप्युटरही तेच करतो. लिहिलेलं आधी स्मृतीत ठेवतो, डिस्कवर सवडीनं उतरवतो. मधेच वीज गेली तर चिठोरं गेलं. आणि वीज कशी जाते ते मराठवाड्यातल्या बायांना मी काय सांगू! म्हणून एखादीनं उठून म्हणावं लागतं, 'नंतर नाही, आत्ताच वहीत उतरव आणि उतरवलं की मला सांग.' एफसिंक म्हणजे हेच सांगणं. बँकेचा व्यवहार असो की मुलीच्या निकालाची नोंद, ती पक्की झाली की नाही हे यावर अवलंबून असतं.

फाइल सिस्टीम एक नसते, अनेक असतात: ईएक्सटी ३, ईएक्सटी ४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, पेन ड्राइव्हवर असते ती फॅट. एकेका गावाची एकेक गिरणी म्हणा. २०१० पर्यंत यातल्या एफसिंकला तीन गोष्टी द्याव्या लागत. पहिली, उघडलेली फाइल. दुसरी, डेंट्री, म्हणजे त्या फाइलचं नाव कुठल्या कप्प्यात लावलं आहे ती नोंद. तिसरी, सगळं उतरवायचं की फक्त मजकूर, ते. यातली दुसरी वेगळी द्यायची गरज नव्हती. उघडलेल्या फाइलच्या आतच तिची डेंट्री लिहिलेली असते. डब्यावर नाव आहेच.

मग ती मागत का होते? त्याला कारण होतं. कर्नलमध्ये एक भाग आहे, जो एका यंत्रावरच्या फायली तारेतून दुसऱ्या यंत्राला वापरू देतो. तो भाग काही वेळा फाइल न उघडताच 'उतरव' असं सांगत असे. म्हणजे एक गिऱ्हाईक डब्याशिवाय, पदरात धान्य घेऊन येत होतं. डबा नाही, तर नाव कुठून वाचणार? त्या एका गिऱ्हाइकासाठी सगळ्यांनाच नाव विचारायची पद्धत पडली.

पुढे तो भाग सुधारला. तोही फाइल उघडून, म्हणजे डबा घेऊन येऊ लागला. कारण संपलं. प्रश्न मात्र तसाच राहिला. २०१० मध्ये क्रिस्तोफ हेलविग या प्रोग्रामरनं आधी मधल्या थरातून हा पॅरामीटर काढला आणि मग सगळ्या फाइल सिस्टीमच्या एफसिंकमधून एकदम काढला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या २.६.३५ या आवृत्तीत तो गेला. तीनाचे दोन झाले.

आता नीट ऐका. त्या बदलानं कंप्युटर वेगवान झाला नाही. कुणाच्या पडद्यावर काही नवीन दिसलं नाही. फरक एवढाच की त्यानंतर जिनं जिनं ते फंक्शन वाचलं, तिला 'हे कशाला देतात?' असा प्रश्न पडला नाही. जिनं जिनं त्याला हाक मारली, तिला एक निरर्थक गोष्ट जमवून आणावी लागली नाही.

आणखी एक. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, त्याच एफसिंकला दोन नवे पॅरामीटर जोडले गेले: फाइलचा कुठून कुठपर्यंतचा भाग उतरवायचा. का जोडले? कारण त्यांचा उपयोग होता. म्हणजे भांडण रकान्यांच्या संख्येशी नाही. जे विचारता ते वापरा. वापरत नसाल तर विचारू नका.

मी केलेली चूक

माझं कर्नलमधलं पहिलं काम असंच होतं. एका फाइल सिस्टीमच्या पोटातलं एक लहान फंक्शन. चार पॅरामीटर, त्यातला एक कुठे वापरलेला दिसेना. कंप्युटर अशा गोष्टीबद्दल आपणहून तक्रार करत नाही. नेहमीच्या बांधणीत ती सूचना बंदच असते. माणसानंच वाचत जावं लागतं. मला वाटलं, सापडलं! मी तो काढून टाकला, त्याला हाक मारणाऱ्या पाच जागा दुरुस्त केल्या आणि पत्र पाठवलं. कर्नलमध्ये बदल सुचवायचा तो पत्रानं. साधा मजकूर, एका पत्रात एकच बदल. काय बदललं यापेक्षा का बदललं ते आधी लिहायचं आणि खाली आपलं नाव.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि तेही माणसाचं नव्हे. येणारे बदल वेगवेगळ्या मांडण्या करून तपासणारी यंत्रं असतात, त्यातल्या एकाचं. म्हणे, तुमच्या बदलानं बांधणी मोडली. झालं असं, की तो पॅरामीटर कोटा नावाची सोय चालू असेल तेव्हाच वापरला जात होता. कोटा म्हणजे कुणी किती जागा वापरायची याची मर्यादा. माझ्या यंत्रावर ती सोय बंद होती, म्हणून मला तो बिनकामाचा दिसला.

मला इतकी लाज वाटली! चार दिवस मी ते पत्र पुन्हा उघडलं नाही. मग एका अनुभवी माणसानं दोन ओळींत लिहिलं की अशी चूक सगळ्यांची होते, शेजारच्या फंक्शनमध्ये पाहा, तिथे खरोखरच एक बिनकामाचा आहे. मी पाहिलं. या वेळी सगळ्या सोयी चालू करून, बंद करून बांधून पाहिलं. हा पॅरामीटर आला कधी आणि कशासाठी, हे जुन्या नोंदींत शोधलं. मग पाठवलं. तो बदल घेतला गेला. सात ओळींचा होता. खाली माझं नाव आहे आणि ते आता कुणालाही पुसता येणार नाही.

त्या वेळी तीन गोष्टी शिकले. पहिली: काढण्याआधी विचारायचं, हे इथे आलं कशासाठी? दुसरी: मला उपयोग दिसत नाही म्हणजे उपयोग नाही असं नाही, दुसऱ्या कुणाच्या मांडणीत तो असेल. तिसरी: एका जागी काढून भागत नाही. त्याला हाक मारणाऱ्या एकूण एक जागा शोधून दुरुस्त कराव्या लागतात.

'साफसफाई पोरींना द्या'

हे सगळं मी हौसेनं करत होते, नोकरीबाहेर. नोकरीत काय होतं तेही सांगते. मी तेव्हा जिथे काम करत होते तिथेही असं काम असे. जुना प्रोग्राम वाचायचा, नको ते काढायचं, पुढच्याला वाचता येईल असा करायचा. त्याला तिथे 'साफसफाई' म्हणत. नवीन काही बांधायचं असलं की ते मुलग्यांकडे जाई. साफसफाई आली की साहेब हसत म्हणत, 'हे पोरींना द्या, त्यांचा हात बारीक आहे.' आम्ही तिघी होतो. वर्षअखेरीला पगारवाढीच्या कागदावर 'नवीन काय केलं?' असा रकाना असे. आमचा रकाना रिकामा. दोन वर्षं मी जे केलं ते त्या कागदावर कुठे लिहायला जागाच नव्हती.

मैत्रिणींनो, हे तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? २०१९ मध्ये सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं. पुरुषांपैकी जे करतात त्यांची ९७ मिनिटं. बायांची रोजची पाच तास. झाडलेलं घर कुणाला दिसत नाही, न झाडलेलं दिसतं. तसंच प्रोग्रामचं. सांभाळणं हे कामात धरायचं नाही ही रीत आपण घरात पाहिली. कंप्युटर आला, पण ती रीत कुणी बाहेर ठेवली नाही. ती कंप्युटरबरोबर आत आली.

म्हणून मला कर्नलची एक गोष्ट आवडते. तिथे सात ओळींचं साफसफाईचं कामही नावानिशी नोंदलं जातं. तिथे सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. तिथल्या पत्रव्यवहारात कडवट भाषा खूप चालली, आणि बाया फार थोड्या आहेत. २००६ ची गोष्ट. अशाच खुल्या पद्धतीनं चालणाऱ्या ग्नोम या प्रकल्पाकडे उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले. त्यात बाईचा एकही नव्हता. मग त्यांनी बायांसाठी वेगळी हाक दिली, तेव्हा बायांचे अर्ज आले. म्हणजे बाया नव्हत्या असं नाही, हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. त्यातूनच पुढे आउटरीची ही योजना उभी राहिली. २०१३ मध्ये लिनक्स कर्नलही त्यात आला. त्यात येणाऱ्या बाईनं आधी काही लहान बदल करून दाखवायचे असतात, आणि ते बहुधा असेच असतात: न वापरलेलं काढा, वाचायला सोपं करा. कितीतरी बाया या दारानं आत आल्या. त्यांना हात देणाऱ्यांत फ्रान्समधल्या संशोधक ज्युलिया लॉल आहेत. त्यांनी कॉक्सिनेल नावाचं हत्यार बनवलं आहे. एकच दुरुस्ती शेकडो जागी करायची असेल तर ते त्या सगळ्या जागा शोधून दुरुस्त करतं. कॉक्सिनेल हे फ्रेंच नाव कशाचं, माहीत आहे? आपल्या पिकावरचा मावा खाणारा तो लाल ठिपक्यांचा भुंगेरा, त्याचं.

आणि बाया फक्त दारातच थांबल्या असंही नाही. ईएक्सटी ४ या फाइल सिस्टीमची मांडणी जगापुढे ठेवणारा एक महत्त्वाचा निबंध २००७ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या परिषदेत सादर झाला. त्याच्या सहा लेखकांत अवंतिका माथुर, मिंगमिंग काओ आणि सुपर्णा भट्टाचार्य ही तीन नावं बायांची आहेत. तुमच्या-माझ्या फोटोंना आणि हिशेबांना ज्या कपाटानं वर्षानुवर्षं सांभाळलं, ते बांधताना बायांचे हात होते, हे आपल्या मुलींना सांगा.

बांधणी का थांबत नाही?

आता आत्याकडे परत येते.

अर्जावरचा 'पतीचे नाव' हा रकाना म्हणजे पॅरामीटरच आहे. ही नुसती उपमा नव्हे. कंप्युटरवर त्या रकान्यापुढे जी लाल चांदणी असते, ती कुणा प्रोग्रामरनं लावलेली असते. 'हे भरल्याशिवाय पुढे जाऊ नको' असं यंत्राला माझ्यासारख्याच कुणीतरी सांगितलेलं असतं. कंप्युटर काही मागत नाही. माणूस मागतो आणि कंप्युटरचं नाव पुढे करतो.

ते का ठेवलं होतं? कधीकाळी बाईची ओळख नवऱ्यावरूनच धरत, म्हणून. त्या डब्यावर तिचं स्वतःचं नाव नव्हतं असं मानत. आज तिचं नाव, आधार क्रमांक, पत्ता, फोटो, अंगठा सगळं डब्यावर आहे. कारण गेलं, प्रश्न राहिला.

वर, म्हणजे व्याख्येच्या जागी, काही बदल झालेही आहेत. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप हयात असतानाही आई मुलाची नैसर्गिक पालक ठरू शकते. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम बदलले: आई किंवा बाप, एकाचंच नाव पुरे, घटस्फोटितेला आधीच्या नवऱ्याचं नाव द्यायची गरज नाही. २०१८ च्या डिसेंबरपासून आई एकटी पालक असेल तर पॅन कार्डाला बापाच्या नावाची सक्ती राहिली नाही. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं, मग बापाचं नाव लिहायचं असं ठरलं. मात्र त्याच निर्णयात विवाहित बाईच्या नावापुढे पतीचं नाव लिहायची पद्धत तशीच ठेवली. एक रकाना योग्य कारणानं वाढला. दुसरा कुणी तपासला नाही.

आता कर्नल आणि सरकार यातला फरक पाहा. कर्नलमध्ये फंक्शनची व्याख्या बदलली आणि हाक मारणारी एक जरी जागा जुनीच राहिली, तर बांधणी तिथेच थांबते. यंत्र ठणकावून सांगतं, अमुक फाइल, अमुक ओळ, इथे अजून तीन गोष्टी दिल्या आहेत, दोनच हव्यात. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्याकडे दिल्लीत नियम बदलतो, मुंबईत शासन निर्णय निघतो, आणि इथल्या टेबलावर जुनाच छापील अर्ज असतो. जुनीच लाल चांदणी असते. काहीही थांबत नाही. थांबते ती फक्त रांगेतली बाई.

म्हणून इथे 'अमुक टेबल, अमुक ओळ' असं सांगणारं कुणीतरी लागतं. ते काम आपलं आहे.

माझी सूचना साधी आहे. तुमच्या गटानं येत्या तीन महिन्यांत आपल्याला भरावे लागणारे अर्ज गोळा करा. तहसीलचे, बँकेचे, शाळेचे, दवाखान्याचे, रेशनचे. कंप्युटरवरचा असेल तर पडद्याचा फोटो काढा. जिथे जिथे नवऱ्याचं नाव मागितलं आहे तिथे खूण करा. मग प्रत्येक ठिकाणी जाऊन, न भांडता, एकच प्रश्न विचारा: 'हे पुढे कुठे वापरता?' उत्तर लिहून घ्या.

उत्तरं तीन प्रकारची येतील. काही ठिकाणी खरा उपयोग असेल. विधवेच्या पेन्शनला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागणारच. तो रकाना काढा म्हटलं तर आपलंच नुकसान. जातीचा रकाना काहींना खुपतो, पण शिष्यवृत्ती आणि आरक्षण त्यावर उभं आहे. माझी कोट्याची चूक लक्षात ठेवा: आपल्याला लागत नाही ते दुसरीला लागत असेल. काही ठिकाणी उपयोग असेल, पण तो दुसऱ्या माहितीनं भागेल. तिथे म्हणायचं, डब्यावर नाव आहे, ते वाचा. आणि काही ठिकाणी साहेब म्हणतील, 'पहिल्यापासून आहे.' हे उत्तर मिळालं की समजा, सापडला. त्याच्या खाली तारीख टाका, टेबल लिहा, आणि लेखी मागणी करा: नियमाप्रमाणे हा रकाना ऐच्छिक करा किंवा काढा. एका पत्रात एकच मागणी. का, ते आधी लिहा. आणि खाली आपलं नाव. आपलं स्वतःचं.

हे काम बारीक आहे. मोर्च्यासारखा त्याचा फोटो येणार नाही. कुणी म्हणेलही, बायकांवर अत्याचार होताहेत आणि तुम्ही रकाने कसले मोजता? त्यांना आत्याचे ते तीन दिवस सांगा. बाईची मान रोज थोडी थोडी खाली जाते ती अशाच टेबलांवर.

आत्याला मी परवा फोनवर हे भाषण सांगितलं. एफसिंक तिला समजलं. ती म्हणाली, 'म्हणजे वहीत लिहून घे म्हणायचं.' गिरणीचं तर तिला फारच पटलं. शेवटी म्हणाली, 'माझं त्या अर्जावरचं नाव आता निघंल का गं?' मी म्हटलं, 'तुझं नाही आत्या, त्याचं.' ती म्हणाली, 'हां, त्याचंच. माझं राहू दे.'

तो अर्ज कुठे आहे, कुठल्या टेबलावर आहे, हे मी आणि आत्या उद्या सकाळी जाऊन पाहणार आहोत. तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी साडेदहाला बसस्टँडवर या.